सरांची खिडकी आणि अडीच सूत

पलीकडच्या घरातून घुर्र घुर्र आवाज सुरू झाला आणि आमच्या आजी हातातली तांदळाची परात टाकून अंगणात पळाल्या. त्यांना हसायची सोय नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 च्या 21 मार्चला आणि मग 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला जमीन हलली, दोन्ही वेळा 4.5 तीव्रतेचा धक्का. तेव्हापासून कुणाकडं पिठाची गिरणी नीट बसली नसली तरी आधी माणसं बाहेर येतात, मग चौकशी करतात.

मी कंपाउंडच्या भिंतीजवळ गेले. "वैनी, बोअर घ्यायलात का काय घरात?"

"बोअर कशाचा ओ अक्का! सर ब्लाइंड बसवायलेत. पोरानं पुण्याहून मागवून दिलंय, मापाचं. बसवायला माणूस पाठवतो म्हणला तर सर म्हणले, चार स्क्रूसाठी माणूस कशाला?"

"म्हंजी पडदाच की."

"पडदा नाही म्हणायचा. मी म्हणले तर रागावलेत. पडदा बाजूला सरकतो, हे वर गुंडाळतंय."

आमच्या शिरड शहापुरात खिडकीला काय लावतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन खिळे, त्यांना ताणलेली स्प्रिंगची दोरी आणि जुन्या साडीला दुमड घालून शिवलेला पडदा. पाहुणे येणार असले तर वसमतहून आणलेलं तयार कापड. वैनींचं घर पडतं रस्त्यावर. गावातल्या जैन मंदिरात मल्लिनाथाच्या दर्शनाला लांबलांबून गाड्या येतात, माणसं पत्ता विचारायला थांबतात आणि विचारता विचारता थेट बैठकीतला टीव्ही बघतात. वैनींची तक्रार रास्तच होती. साडीचा पडदा लावला तर घरात अंधार, काढला तर सगळं गाव जेवायला बसल्यासारखं. त्यावर पोरानं झेब्रा ब्लाइंड सुचवलं. कापडात एक पट्टा जाड, एक पट्टा जाळीचा, असे दोन थर पुढंमागं. साखळी थोडी ओढली की जाळीवर जाळी येते, उजेड आत. आणखी ओढली की जाळीवर जाड पट्टा येतो आणि रस्ता दिसेनासा होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचं, कारण तिथं कापड ठेवलं तर फोडणीचा वास बसतो.

आता खरी गंमत मापाची. खोकं महिन्याभरानं आलं. माप घेण्यावरून त्या घरात त्याच्या आधीच महाभारत झालेलं होतं.

"पोरानं फोनवर विचारलं, खिडकी केवढी?" वैनी सांगत होत्या. "मी म्हणले, आपली खिडकी एवढी एवढी. सर म्हणले, चार बाय चार. मिस्त्रीनं चार बाय चारची सांगितलेली. पोरगं म्हणलं, बाबा, मिलिमीटरमध्ये पाहिजे."

सर शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाले तरी गणितानं त्यांना सोडलेलं नाही. त्यांनी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्यानं टेप लावला आणि सांगितलं, "चार फूट दोन इंच तीन सूत." आमच्याकडं सुतार, मिस्त्री, वेल्डर सगळे सुतातच बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरला थोडं वर. सरांनी वहीत मांडलं. पन्नास इंच म्हणजे 1270 मिलिमीटर, तीन सुतांचे साडेनऊ, एकूण 1279 आणि वर अर्धा. सर खूश. पण पोराचा पुन्हा फोन, "बाबा, एकाच जागी मोजून चालत नाही. वर मोजा, मधी मोजा, खाली मोजा. तिन्हीतलं लहान असेल ते कळवा."

वर 1279. मधी 1276. खाली 1271.

"आठ मिलिमीटरचा फरक, अक्का! अडीच सूत! सरांनी मिस्त्रीला बोलावलं आणि दाराशीच धरलं. मिस्त्री म्हणतो कसा, सर, चौकट बरोबर आहे, गिलावा कमी-जास्त झाला असंल. सर म्हणले, मग कर्ण मोज."

कर्ण मोजणं ही सरांची जुनी खोड. खिडकीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, नाही आली तर नाही. त्यांची आली नाहीत. कुणाचीच येत नाहीत हो. मी घरी येऊन आमची मोजली, आमची त्यांच्याहून वाकडी निघाली. मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगते.

आणि याच मुद्द्यावर सर लायगोवर घसरले. आपल्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळानं 2023 च्या एप्रिलमध्ये 2600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात, आत लेझरचा उजेड. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो मोजायचा. सर हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

"मी म्हणले सरांना," वैनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, "त्या लोकांना एवढंच सांगा, चार किलोमीटर गुण्यात बसवायचं असलं तर आपल्या मिस्त्रीला बोलावू नका म्हणावं."

मिस्त्री तिथंच चहा पीत होता. तोही हसला.

बरं, लहानात लहान माप का द्यायचं, हे मला आधी कळलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं ब्लाइंड बघितल्यावर कळलं. पट्ट्यांचं ब्लाइंड वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचं असतं. वर 1279 आहे म्हणून तेवढं कापून घेतलं तर खाली 1271 च्या जागेत त्या पट्ट्या गिलाव्याला घासतात, वाकतात, रंग जातो. अॅल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली की सरळ होत नाही, तिथं कायम चुणी. आणि मापानं कापलेला माल कुणी परत घेत नाही. घेणार तरी कसा? तुमची वाकडी खिडकी जगात दुसऱ्या कुणाकडं नाही.

दुसरी खोच याहून वाईट. मागच्या गल्लीतल्या काकांनी गेल्या वर्षी त्यांच्या खिडकीला मागवलं होतं. मापाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, हे माप खिडकीच्या खाचेचं की प्रत्यक्ष ब्लाइंडचं? खाचेचं म्हणलं तर कारखान्यात आपणहून थोडं कमी करतात, साधारण सेंटिमीटरभर, म्हणजे आत बसताना अडकू नये. ब्लाइंडचं म्हणलं तर जसं लिहिलं तसं कापतात. काकांनी शहाणपण केलं. घरी मोजून स्वतःच सेंटिमीटर कमी केला आणि वर खूण केली ती खाचेच्या मापावर. तिकडं आणखी कमी झालं. आता त्यांच्या खिडकीत दोन्ही कडेनं ऊन पट्टीसारखं आत येतं आणि काकू दुपारी त्या पट्टीत पापड वाळवतात असं वैनी म्हणतात. पापडाचं मी बघितलेलं नाही.

"पण वैनी, तुमच्याही झेब्र्याच्या कडेला उजेड दिसायलाय की."

"तेच मी सरांना म्हणले! तर म्हणले तसंच असतंय."

आणि ते खरं आहे. गुंडाळणाऱ्या ब्लाइंडला दोन्ही टोकांना ब्रॅकेट लागतात, एका टोकाला साखळीचं चाक असतं. कापड त्या दोन्हींच्या मधे बसतं, म्हणून चौकटीच्या आत लावलं की दोन्ही बाजू मिळून इंच-सव्वा इंचाची फट राहतेच. ज्यांना दिवसा झोपायचं आहे, रात्रपाळी आहे, त्यांनी आत लावूच नये. चौकटीच्या बाहेर भिंतीवर लावावं, दोन्ही बाजूंना आणि वर तीन-चार इंच जास्तीचं घ्यावं. त्यात चौकट वाकडी असली तरी झाकली जाते, हा आणखी एक फायदा. मिस्त्रीनं हेच सुचवलं होतं, कारण कळण्यासारखं आहे.

खोकं आलं त्या रविवारचं मी सगळं डोळ्यांनी बघितलं. दुपारी लाइट होती, तीच मोठी गोष्ट. सर स्टुलावर, वैनींनी स्टूल धरलेलं, नात पाळण्यात, मी दारात. सरांनी पेन्सिलीनं खुणा केल्या. खुणेच्या खाली भिंतीला एक जुनं पाकीट चिकटपट्टीनं चिकटवलं, तोंड उघडं ठेवून. मला वाटलं स्क्रू ठेवायला. ड्रिल सुरू झालं तशी विटेची लाल भुकटी त्या पाकिटात पडायला लागली, सोफ्यावर कण नाही. ही युक्ती मात्र मला आवडली.

चौकटीच्या वर आडवा लिंटल असतो, सिमेंट-सळईचा. बाजूच्या भिंतीत वीट असते. दोन्हींचा स्वभाव वेगळा. विटेत भोक पटकन पडतं पण मोठं होतं, गिलावा ढासळतो, मग प्लास्टिकची गिट्टी आत फिरत राहते आणि स्क्रू धरत नाही. लिंटलमधे मशीन हातोड्याच्या मोडवर घ्यावं लागतं, हात थरथरतो, पण गिट्टी बसली की हत्ती टांगा. सरांनी सहा मिलिमीटरचा बिट घेतला, गिट्टीच्या लांबीएवढ्या अंतरावर बिटला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे भोक किती खोल झालं ते कळावं. पहिलं भोक छान. दुसऱ्याला इंचभर आत गेल्यावर किर्रर्र. बिट पुढं जाईना, ठिणगी उडाली.

"सळई लागली," मिस्त्री खालून म्हणाला. तो काही कुणी बोलावलेला नव्हता. ड्रिलचा आवाज ऐकून आला आणि खुर्ची घेऊन बसला. "सर, दाबू नका. अर्धा इंच सरका."

"सरकलो तर ब्रॅकेट कुठं येईल?"

"ब्रॅकेटला लांबट भोक असतंय, बगा तर."

होतं. सरांनी बघितलं नव्हतं. ब्रॅकेटला गोल भोकाच्या शेजारी लांबट खाच ठेवलेली असते ती याचसाठी. सर काही बोलले नाहीत, पण मिस्त्रीला दुसरा चहा आला.

मग आली पातळीची गोष्ट, आणि इथं मिस्त्रीनं मागचं सगळं फेडलं. सर दोन्ही ब्रॅकेट चौकटीच्या वरच्या कडेपासून सारख्या अंतरावर मारणार होते. मिस्त्री म्हणाला, "चौकटच उतरती आहे तर तिच्यापासून मोजून काय करता?" त्यानं घरून पाण्याची पारदर्शक नळी आणली, तीच जी पाया आखताना वापरतात. एक टोक सरांच्या हातात, दुसरं त्याच्या, मधी नळी खाली लोंबती. पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला थांबलं, तिथं तिथं पेन्सिल. त्या खुणांवर ब्रॅकेट मारले. छोट्या पाणसळीनंही हे होतं, पण चार फुटांच्या अंतरात हातभर पाणसळ ठेवून अंदाज करण्यापेक्षा नळी सरस, असं त्याचं म्हणणं. मला पटलं.

पातळीचं एवढं कौतुक का, तर गुंडाळणारं ब्लाइंड जराही कललं की कापड वर जाताना एका बाजूला सरकत जातं. सरकतं, ब्रॅकेटला घासतं, कडेचे धागे निघतात, वर्षभरात झालर. कंपनीच्या कागदावर त्याचा इलाजही दिलेला असतो. कापड सगळं खाली सोडायचं, ज्या नळीवर ते गुंडाळतं तिच्यावर, ज्या बाजूला कापड जायला हवं त्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा. तेवढ्यानं ती बाजू केसभर जाड होते आणि कापड तिकडं ओढलं जातं. सरांच्या ब्लाइंडला एवढं सगळं करूनही एक तुकडा लागला. मिस्त्री म्हणाला कापडात दोष, सर म्हणाले पाण्याच्या नळीत, वैनी म्हणाल्या चालतंय ना.

माझी भाची इंग्लंडात राहते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, इकडं सगळे घरीच बसवतात, माणूस बोलवायचा म्हणजे ब्लाइंडपेक्षा त्याची मजुरी जड. पण तिनं दुसरीच गोष्ट विचारली आणि मी चपापले. "साखळी कुठपर्यंत येते?"

साखळी नातीच्या पाळण्यापर्यंत येत होती.

युरोपात 2014 मध्ये यावर मानकंच कडक झाली, कारण लोंबत्या दोऱ्यांत आणि साखळ्यांत अडकून लहान लेकरं गेली आहेत. साखळी भिंतीला ताणून धरणारी एक छोटी प्लास्टिकची पकड ब्लाइंडबरोबरच देतात, लोक ती "जास्तीची वस्तू" म्हणून ड्रॉवरमधे टाकतात. सरांच्याही खोक्यात ती तळाशी तशीच होती. साखळीचं खालचं टोक जमिनीपासून दीड मीटरच्या वर असावं, आणि ती सैल लोंबू नये, भिंतीला धरलेली असावी. पाळणा, पलंग, खुर्ची, लेकरू ज्यावर चढेल असं काहीही खिडकीखाली नको. मी फोन ठेवला आणि भिंतीवरून वैनींना हाक मारली. सरांनी त्याच रात्री पकड लावली, पाळणा आतल्या खोलीत गेला. या एका गोष्टीत कुणी थट्टा केली नाही.

राहता राहिली धूळ. फेब्रुवारी-मार्चपासून इकडं हळद शिजायला लागते, वाळते, मग ढोलात पॉलिश होते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण पॉलिशच्या दिवसांत पिवळी भुकटी कुठकुठं बसते ते बाहेरच्यांना कसं कळावं? वैनींनी पांढरं ब्लाइंड घेतलंय. मी काही बोलले नाही. पट्ट्यांचं असेल तर जुना मोजा हातात घालून एकेक पट्टी पुसून घेता येते. झेब्र्याचं कापड मात्र भिजवायचं नसतं, कोरड्या ब्रशनं झाडायचं, हळदीला पाणी लागलं की ती कापडात उतरलीच.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर असतो तेव्हा या ब्लाइंडनं घर थंड होतं का, असं मी वैनींना विचारलं. खरं तर विचारलं नाही, डिवचलं. कारण आमच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक आहे, बुरडाकडून करून घेतलेली. तोही मापानंच करतो, फक्त त्याचं माप वितीत असतं.

"दुपारी काचेला हात लावला तर चटका बसतोय, अक्का," वैनी म्हणाल्या. "ब्लाइंड लावलं तरी मागून धग येतीच."

सर आतून आले. त्यांना हे माहीत होतं, फक्त कुणी विचारलेलं नव्हतं. ऊन एकदा काचेतून आत आलं की ते ब्लाइंडवर पडून तिथंच तापतं, आणि ती उष्णता मग खोलीतच राहते. पांढरं कापड थोडं ऊन परत काचेबाहेर पाठवतं, काळं तर तेवढंही नाही. चिक बाहेर असते म्हणून काचेला ऊन लागतच नाही. आणि तिच्याऐवजी वाळ्याची ताटी बांधून पाणी मारलं तर आपल्या कोरड्या हवेत वारा गार होऊनच आत येतो. निजामाच्या काळातल्या कचेऱ्यांत उन्हाळाभर ताट्या भिजवायला माणूस ठेवलेला असायचा, असं आमच्या आजी सांगतात. पावसाळ्यात तिचा काही उपयोग नाही, हवेतच पाणी असतं. माळवदाच्या जुन्या घरांना तर हेही लागत नव्हतं. दोन हात जाड भिंत आणि टीचभर झरोका, त्याला कोण काय लावणार? स्लॅबची घरं बांधली, सहा-सहा फुटांच्या काचा लावल्या, आणि आता प्रत्येक काचेला काही ना काही बांधत बसलोय.

तर माझं मत सरळ आहे. रस्त्यावरच्या खिडकीला, आडोशासाठी, ब्लाइंड जरूर घ्या, घरी बसवता येतं, सरांना जमलं म्हणजे कुणालाही जमेल. पश्चिमेच्या खिडकीला ऊन थोपवायला म्हणून घेणार असाल तर पैसे बुरडाला द्या. वैनींनी परवा दिले. चिक पुढच्या आठवड्यात येणार आहे, बाहेरच्या बाजूला आकडे मारायचे आहेत, आणि ते कुणी मारायचे यावर सर आणि मिस्त्री यांचं अजून ठरलेलं नाही.

ड्रिल मशीन सध्या आमच्याकडं आहे. गल्लीत कुणाला लागली तर येऊन न्या, फक्त चालू करायच्या आधी आमच्या आजींना सांगून जा.